खाली पडायचीही सोय पाहिजे

खरं तर या शनिवारी डेटाबेस मायग्रेशनच्या एका फसलेल्या रात्रीवर लिहायचं ठरवलं होतं. पण गुरुवारी जेवताना एका मित्राशी जोरदार वाजलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तेव्हा तो किस्सा पुढच्या आठवड्यात. आज फुटबॉल. ज्यांना या खेळाचं वावडं आहे त्यांनी घाबरू नये, ऑफसाईड म्हणजे काय ते मी समजावून सांगणार नाही.

मित्र माझ्यासारखाच अमरावतीचा, माझ्यासारखाच हिंजवडीत अडकलेला. मँचेस्टर सिटीचा कट्टर फॅन. २०१२ पासून, म्हणजे नेमकी ज्या वर्षी सिटीने लीग जिंकली त्या वर्षापासून (हा निव्वळ योगायोग आहे असं तो शपथेवर सांगतो). इथे त्याला 'सिटी'च म्हणू. भांडणाचा विषय होता आयएसएलमध्ये रेलिगेशन असावं की नसावं. म्हणजे तळाला राहिलेला संघ खालच्या लीगमध्ये जावा आणि खालचा विजेता वर यावा, हे. सिटीचं मत ठाम. "इथं पैसा लावायले कोणी तयार नाई, आन् जो लावते त्याले तू म्हणतं खाली ढकला. कोण येईन बे मंग?" आणि मग त्याने नेहमीचा बाण सोडला. "तुही टीम खालीच राह्यते, म्हणून तुले खालच्याइचा पुळका."

माझी टीम म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स.

आता अमरावतीच्या पोराने ब्लॅकबर्न कुठून काढलं? सांगतो. माझ्या काकांचं बडनेऱ्याच्या पुढे कोंबड्यांचं शेड होतं. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की खाद्याची पोती, लशीच्या बाटल्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळीकडे वेंकीज हे नाव दिसायचं. आमच्यासाठी ते नाव डाबर किंवा किर्लोस्करसारखंच घरातलं. नोव्हेंबर २०१० मध्ये बातमी आली की पुण्याच्या या वेंकीजवाल्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला एक अख्खा क्लब विकत घेतला. काकाजींनी पेपर वाचून विचारलं, "अंडे विकून टीम घेतली?" मी म्हटलं हो. "मंग आपलीच झाली नं थे!" झालं. त्या दिवसापासून रोव्हर्स आपली.

(नंतर वाचनात आलं की नातं त्याहून जुनं आहे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं गाव, तिथल्या गिरण्या हिंदुस्थानासाठी धोतरं विणायच्या. आणि १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले होते. म्हणजे आमच्या पणज्याच्या पणज्याने पाठवलेला कापूस आणि काकाजींची अंडी, दोन्हींचा हिशोब त्या एकाच मुलखात जाऊन मिळतो. असो.)

आपली झाली खरी, पण तिची अवस्था काय झाली ते जगाला ठाऊक आहे. १८७५ साली स्थापन झालेला क्लब. १८८८ साली इंग्लिश फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. १९९४-९५ ला प्रीमियर लीगचा विजेता, मँचेस्टर युनायटेडच्या ८८ गुणांना ८९ गुणांनी मागे टाकून. नव्या मालकांनी आल्या आल्या डिसेंबर २०१० मध्ये सॅम अलार्डाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं, तेव्हा संघ तेरावा होता. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन, ज्याने त्याआधी एकही संघ स्वतंत्रपणे सांभाळला नव्हता. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच सामन्यात ०-१ ने हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्यानंतरच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकल अ‍ॅपल्टन ६७ दिवस टिकला. आमच्याकडे प्रोबेशनवरचा ट्रेनीसुद्धा याहून जास्त टिकतो.

तेव्हा आपल्याकडे काही लोक म्हणायचे की गोऱ्यांना हिंदुस्थानी मालक सहन होत नाहीत, म्हणून हा आरडाओरडा. त्या गर्दीत तसे काही नग असतीलही. पण तेराव्या नंबरवरचा संघ कुणी खड्ड्यात घातला तर मालकाची जात, देश, गाव बघून राग येत नसतो. मी तर पुण्यात बसून चिडलो होतो! 'आपला माणूस' म्हणून गप्प बसायचं असेल तर मग गल्लीतल्या नगरसेवकाबद्दलही काही बोलायला नको.

२०१७ च्या मे महिन्यात तर कडेलोट झाला. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही आम्ही बुडालो. ५१ गुण आमचे, ५१ नॉटिंगहॅम फॉरेस्टचे, आणि गोलफरकावर आम्ही खाली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या वर्गात जाण्याची ती पहिलीच वेळ. या तिसऱ्या वर्गाला ते लोक 'लीग वन' म्हणतात. साहेबाचं नामकरण, आपण काय बोलणार.

आणि इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो, कारण २०१७-१८ हा तिसऱ्या वर्गातला हंगाम मी जितका जगलो तितका कुठलाच जगलो नाही.

नियम साधा. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वर. तिसरा ते सहावा यांच्यात प्ले-ऑफ, त्यातला एक वर. शेवटचे चार खाली. ऑगस्टमध्ये माझी अपेक्षा काय होती? की आपण मोठे, हे सगळे लहान, ऑक्टोबरपर्यंत निकाल लागेल. पहिलाच सामना साउथेंडला १-२ हरलो. दुसरा घरच्या मैदानावर डॉन्कास्टरशी १-३ हरलो. आठ दिवसांत माझी गाडी 'कधी वर जाणार' वरून 'अजून खाली तर नाही ना जाणार' वर आली. चौथ्या वर्गातल्या संघांची यादी मी तेव्हा खरंच काढून पाहिली होती. प्रवासाच्या बुकिंगआधी हॉटेलचे रिव्ह्यू बघतो ना आपण, तसं.

मग हळूहळू संघ सावरला. टोनी मोब्रे नावाचा शांत मॅनेजर, ब्रॅडली डॅक नावाचा हुन्नरी पोरगा, डॅनी ग्रॅहम नावाचा अनुभवी गडी. सामने टीव्हीवर दिसायचे नाहीत. मी मजकुराची कॉमेंट्री रिफ्रेश करत बसायचो. शनिवारी उन्हाळ्यात साडेसातला, तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. बायको म्हणायची, "या माणसाला फुटबॉल बघायला नाही, वाचायला आवडतं." डिसेंबरपर्यंत आम्ही वरच्या घोळक्यात आलो होतो. आणि गंमत अशी की जसजसे वर सरकलो तसतशी झोप कमी झाली. ऑगस्टमध्ये हरलो तेव्हा दुःख व्हायचं, फेब्रुवारीत जिंकलो तरी धडकी भरायची. वर विगन, मध्ये आम्ही, मागे श्रूजबरी. मी एक्सेल शीट केली. तिन्ही संघांचे उरलेले सामने, सरासरी गुण, सगळ्यात वाईट शक्यता, सगळ्यात चांगली शक्यता. मॅनेजरने एकदा मागे उभं राहून विचारलं, "हे कुठल्या क्लायंटचं?" मी म्हटलं, "इंटर्नल आहे."

त्या शीटमध्ये एक दिवस लाल रंगाने लिहिलाय. १९ फेब्रुवारी २०१८. विगन, म्हणजे आमच्याच तिसऱ्या वर्गातला विगन, एफए कपमध्ये कोणाला भेटला? सिटीच्या सिटीला. आणि १-० ने हरवलं! त्या मोसमात सिटीने लीगमध्ये १०० गुण केले, सगळ्या इंग्लंडला तुडवलं, आणि तिसऱ्या वर्गातल्या एका संघाने त्यांना कपातून बाहेर काढलं. आमचा मित्र दोन दिवस जेवणाच्या टेबलावर आला नाही. मी मात्र विचित्र अवस्थेत. विगन जिंकला याचा आनंद, कारण सिटी हरली. विगन जिंकला याचा आणखी आनंद, कारण कपातले सामने वाढले की त्यांचे लीगचे सामने तुंबतात, पाय दमतात. कपात ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, त्याच्याच पायात लीगमध्ये गोळे यावेत म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

२४ एप्रिलला मी अमरावतीत होतो, चुलतबहिणीच्या लग्नासाठी. अमरावतीचा एप्रिल ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. रात्री कूलरपुढे पाहुणे पसरलेले, म्हणून मी फोन आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर. सामना डॉन्कास्टरला, आपल्याकडचे रात्रीचे सव्वाबारा. तेच डॉन्कास्टर, ज्यांनी ऑगस्टमध्ये आमच्या घरात येऊन तीन मारले होते. जिंकलो तर वर. नेटवर्क कधी टू-जी, कधी तेही नाही. पहिला हाफ ०-०. दुसऱ्या हाफमध्ये पान अडकलं, गोल गोल फिरत राहिलं, आणि उघडलं तेव्हा लिहिलेलं होतं, मलग्रू, ०-१. कॅप्टनचा गोल. मी ओरडलो असणार, कारण खालून काकाजींचा आवाज आला, "काय झालं रे? साप निंगाला काय?"

हंगाम संपला तेव्हा विगन ९८, आम्ही ९६. श्रूजबरी ८७ वर, म्हणजे एरवी कुठल्याही वर्षी मान उंच करावी असे गुण, आणि ते प्ले-ऑफच्या फायनलमध्ये हरून जिथे होते तिथेच राहिले. क्रूर आहे, मान्य. पण ऑगस्टपासून प्रत्येक शनिवारचा काहीतरी अर्थ होता, त्यांच्यासाठीही.

आता त्याच हंगामात आपल्या देशात काय चाललं होतं ते बघा. मार्च २०१८ मध्ये मिनर्व्हा पंजाब नावाच्या क्लबने आय-लीग जिंकली. मोठी नावं मागे टाकून, कमी पैशात. बक्षीस म्हणून ते कुठे गेले? कुठेच नाही. वर आयएसएल होती, पण तिचं दार बंद. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६-१७ ला, ऐझॉलने आय-लीग जिंकली होती. हे तर याहून भारी प्रकरण. आदल्या मोसमात हा संघ रेलिगेट झाला होता, काही गोवेकर क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत घेतलं, आणि त्यानंतर थेट विजेतेपद. कोच होता खालिद जमील, आपल्या मुंबईच्या मैदानांवर घडलेला, अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळलेला. (२०२५ मध्ये तो भारतीय संघाचा कोच झाला. ज्या मुंबई एफसीने त्याला सोडलं तो संघ ऐझॉलच्या त्या मोसमात तळाला होता!) आणि ऐझॉलला देशाचे विजेते होऊन काय मिळालं? वरच्या लीगमध्ये घ्या हो म्हणून फेडरेशनच्या दारात उभं राहणं.

मिनर्व्हाचं पुढे नाव बदललं, मालक बदलले, आणि पंजाब एफसी म्हणून ते २०२३ मध्ये एकदाचे वर गेले. तेही पुन्हा लीग जिंकून. २०१८ मध्ये एकाच वसंतात दोन संघ यशस्वी झाले, ब्लॅकबर्न दुसरा येऊन वर गेला आणि मिनर्व्हा पहिला येऊन पाच वर्षं थांबला. यातलं कुठलं फुटबॉल 'प्रॅक्टिकल' आहे ते मला सिटीने सांगावं.

त्याचा मुद्दा मी टाळत नाहीये. गुंतवणूकदाराला खात्री लागते, हे खरंच आहे. खाली गेलेल्या क्लबचं टीव्हीचं उत्पन्न आटतं, पगार भागत नाहीत, आणि नोकरी जाते ती तिकीट खिडकीवरच्या माणसाची, मालकाची नाही. हे ब्लॅकबर्नमध्येही झालंय. पण मग ज्यांना खात्री दिली होती त्यांचं काय झालं ते बघू. आपल्याच पुण्याचं उदाहरण. एफसी पुणे सिटी, आयएसएलच्या २०१४ च्या पहिल्या हंगामापासूनचा संघ. २०१७-१८ ला, हो, त्याच मोसमात, चौथे आले, सेमीफायनल खेळले. बालेवाडीला मी स्वतः तीन सामने पाहिले होते, नारिंगी झेंडे, ढोल, सगळं. खाली जायची भीती शून्य. आणि २०१९ मध्ये संघच बंद! फ्रँचायझीची जागा हैदराबादला गेली. ना पराभवाने, ना गुणतक्त्याने. हिशोबाच्या वहीने.

हा माझा मुख्य राग आहे. बंद लीगमध्ये पडणं थांबत नाही, फक्त पडायला जमीन उरत नाही. ब्लॅकबर्न तिसऱ्या वर्गात पडलं, तिथे खरचटलं, लंगडत उठलं आणि परत चढलं, कारण खाली एक वर्ग होता, तिथेही सामने होते, तिथेही लोक तिकीट काढून येत होते. पुण्याच्या संघाखाली काहीच नव्हतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर ज्या सिस्टीममध्ये एरर हाताळायची जागाच ठेवली नाही ती सिस्टीम एरर देत नाही, सरळ क्रॅश होते. पुण्यात ज्या पोराने तेव्हा तो नारिंगी टी-शर्ट घेतला, त्याने तो घालून आता कुठे जायचं? हैदराबादला?

आणि हे सगळं फेडरेशनला कळत नाही असं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई फुटबॉल महासंघासोबत बसून नकाशा ठरला होता की आधी आय-लीगचा विजेता वर येईल आणि २०२४-२५ पासून तळाचा संघ खाली जाईल. पहिला अर्धा भाग झाला. पंजाब वर आले, मग २०२४ ला कोलकात्याचं मोहम्मडन स्पोर्टिंग वर आलं. २०२४-२५ उजाडलं, मावळलं, मोहम्मडन तळाला राहिलं, आणि खाली कोणीच गेलं नाही. अर्धवट जिना. बांधकाम खात्याचं काम वाटावं असं.

सिटीचा शेवटचा युक्तिवाद असा की आपल्या लोकांना वर-खाली हे झेपत नाही, आपल्याला जिंकणारा संघ लागतो. हे मला वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडून ऐकून खरंच वाईट वाटलं. अरे, १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, जिथली पोरं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब-कबड्डी दाखवायला गेली, त्या गावाचा तू! आणि विदर्भाचं क्रिकेट विसरला काय? १९५७-५८ पासून रणजी खेळतोय विदर्भ. एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाल्यावर कित्येक वर्षं आपण प्लेटमध्ये, म्हणजे खालच्या पंगतीत. पण त्या पंगतीतून वर जायचा रस्ता होता. हृषीकेश कानिटकरच्या राजस्थानने तर २०१०-११ ला प्लेटमधून येऊन थेट रणजी जिंकली. आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला, एकसष्टाव्या हंगामात. फैज फझल कॅप्टन, चंद्रकांत पंडित कोच, फायनलमध्ये रजनीश गुरबाणीची हॅट-ट्रिक (सिव्हिल इंजिनिअर आहे बरं का, आपल्यातलाच). आपल्या अकोल्याचा आदित्य ठाकरे फायनलमध्येच पदार्पण करत होता. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. प्लेटच्या दिवसांत कोणी म्हटलं असतं की विदर्भाला वर घेऊ नका, मोठ्या संघांच्या गुंतवणुकीला धोका आहे, तर? राजकमल चौकात गिला वडा खात त्या दिवशी आपण जो धिंगाणा घातला तो कुठून आला असता?

जाता जाता त्याच्या बाणाचं उत्तर. माझी टीम खालीच राहते, बरोबर. २०२२-२३ ला शेवटच्या दिवशी मिलवॉलला १-३ वरून ४-३ हरवूनही आम्ही सातवे आलो, सहाव्या संघाइतकेच ६९ गुण, पुन्हा गोलफरक. २०२४-२५ ला मध्येच मॅनेजर जॉन युस्टेस आम्हाला सोडून डर्बीला गेला, तेही तेव्हा तळाशी धडपडणाऱ्या डर्बीला, तरी शेवटच्या दिवसापर्यंत आशा होती आणि दोन गुणांनी हुकलो. पुन्हा सातवे. मालक तेच, पुण्याचेच, माझी तक्रारही तीच. एक्सेल शीटला आता कितीतरी टॅब झालेत.

काकाजींनी शेड केव्हाच विकलं. पण मे महिना आला की फोन येतो. यांना इंटरनेटचं काही कळत नाही, तक्ता दिसत नाही, फक्त मला विचारतात.

"काय झालं रे आपल्या कोंबडीवाल्याइचं?"

"सातवे आले, काकाजी."

"आन् वर कितीक जातेत?"

"सहावा आला असता तर प्ले-ऑफ."

थोडा वेळ शांतता. मग, "म्हंजे एकानंच हुकलं नं? पुढच्या साली पाह्य मंग."